गुरुवारी साडेसहाचं चॅनल

"साहेब, तुमचा टावर एका दिसापुरता चालू करता येईल का?"

देवकते तात्या माझ्या ओट्यावर बसून विचारत होते, आणि चेष्टा करत नव्हते. तात्या म्हणजे सत्तरी कधीच ओलांडलेला मेंढपाळ माणूस. धारूरच्या घाटात एका घळीत त्यांची वस्ती आहे. तिथून सकाळी सकाळी चालत आले होते. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा.

"दिसभर बी नगं," ते म्हणाले. "उद्या बेस्तरवार. सांजच्याला साडेसहा ते सात, येवढंच." बेस्तरवार म्हणजे गुरुवार.

मी आधी घरात चहा ठेवायला सांगितलं. असल्या प्रश्नाला उपाशीपोटी उत्तर देऊ नये.

मी एकतीस वर्षं सरकारी टीव्हीच्या लघुप्रक्षेपण केंद्रात टेक्निशियन होतो. नाव मोठं, पण प्रकरण छोटं. डोंगरावर एक खोली, खोलीत मशीन, बाहेर लोखंडी टॉवर. आजूबाजूच्या गावांना त्या टॉवरवरून टीव्हीचं चित्र मिळायचं. घराघरावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना असायचा. एक जण वर चढून तो फिरवायचा आणि दुसरा आतून ओरडायचा. "आलं का?" "न्हाई!" "आता?" "आलं, आलं, हलू नको!" संध्याकाळी केंद्राच्या दारात उभं राहिलं की खालच्या वस्त्यांमधून हे ओरडणं वरपर्यंत ऐकू यायचं. त्या आवाजाची मला किती सवय झाली होती, हे तो थांबल्यावर कळलं.

काही वर्षांपूर्वी केंद्र बंद करायचा आदेश आला. शेवटच्या दिवशी स्विच मीच खाली ओढला. मग मशीन गेलं, टॉवर कापून नेला, मागोमाग मी निवृत्त झालो. अजूनही दिवस मावळायला आला की माझी मान डोंगराकडं वळते. तिथं बघण्यासारखं काही राहिलेलं नाही, तरी वळते.

"तात्या, टॉवर आता तिथं नाहीच," मी म्हणालो.

"मशीन तरी आसंल की."

"मशीनही नेलं."

"आरारा," ते म्हणाले. कुणी गेल्याची बातमी ऐकल्यावर म्हणतात तसं.

"बघायचंय काय तुम्हाला?"

"मराठी सरकारी चॅनलावर शेतकऱ्यांचा कार्यक्रम असतो. उद्या शेळ्या-मेंढ्यांचं सांगणारेत."

"मग घरी छत्री नाही का?" डिशला आमच्याकडं छत्री म्हणतात.

"छत्री हाय की. साठ-सत्तर चॅनल लागत्यात. समदे नाचत्यात, भोजपुरी का काय ते. मराठी तेवढं लागंना."

"गावात मेकॅनिक आहेत दोघं-तिघं. त्यांना सांगायचं."

"त्यास्नी नगं," तात्या चटकन म्हणाले. "तुमीच चला."

ते असं का म्हणाले, हे मी तेव्हा विचारलं नाही. माणसाला आपली गरज आहे म्हटलं की बरं वाटतं, आणि निवृत्त माणसाला जरा जास्तच.

आता माझी चूक सांगतो. छत्री असलेल्या घरी चॅनल लागत नसेल तर आधी छत्री बघायची, हे नवशिक्यालाही कळतं. मी काय केलं? माळ्यावरून माझा डिजिटल कन्व्हर्टर बॉक्स काढला. हा छत्रीचा बॉक्स नव्हे. मोठ्या शहरांत टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण होतं. जुन्या काड्यांच्या अँटेनाला हा बॉक्स जोडला की ते टीव्हीवर दिसतं. महिन्याचे पैसे नाहीत, काही नाही, हवेतून फुकट. केंद्र बंद झालं तेव्हा मी तो हौसेनं आणला होता. माझ्या घरी त्यानं कधी एकही चॅनल दाखवलं नव्हतं. पण तात्यांची वस्ती उंचावर, आणि तिथं उत्तरेकडं घाट मोकळा. कुणी सांगावं, एखादा सिग्नल चुकून येत असेल. खरं सांगायचं तर मला तात्यांच्या कार्यक्रमापेक्षा टॉवरचं चित्र पुन्हा एकदा बघायचं होतं.

मोटारसायकलवर पुढं बॉक्स, मागं तात्या, तात्यांच्या हातात अँटेना. रस्त्यात भेटलेला प्रत्येक जण हसत होता.

तात्यांचं घर पत्र्याचं, समोर मेंढरांसाठी काट्यांचं कुंपण. दसरा झाला तसा पुतण्या मोठा कळप घेऊन गोदाकाठाकडं गेला होता. घरी तात्या, त्यांची बायको कौसाबाई, चार मेंढ्या आणि एक दांडगा एडका. एडका म्हणजे नर मेंढा.

मी अँटेना बांबूला बांधून वर उभा केला आणि बॉक्सला शोध घ्यायला लावला. याला स्कॅन म्हणतात. बॉक्स हवेतली एकेक जागा तपासत जातो आणि पडद्यावर टक्के वाढत जातात. मी पत्र्याजवळ शिडीवर उभा, कौसाबाई दारात.

"आलं का, अक्का?"

"न्हाई!"

मी अँटेना बोटभर फिरवला. "आता?"

"न्हाई, दादा! नुसतं निळं हाय!"

किती वर्षांनी कुणीतरी मला खालून ओरडून उत्तर देत होतं. मी तासभर अँटेना फिरवत राहिलो. प्रत्येक वेळी बॉक्स शंभर टक्क्यांपर्यंत जायचा आणि खाली लिहायचा, सापडलेली चॅनल, शून्य. शेवटी तात्याच म्हणाले, "साहेब, उतरा. ऊन लागंल." मी उतरलो. इतक्या लांब सिग्नल पोचत नाही हे मला वर चढण्याआधीच माहीत होतं. लाज वाटली.

मग छत्रीकडं गेलो. छत्रीच्या बॉक्समध्ये सिग्नलचे दोन आकडे दिसतात. एक ताकद, म्हणजे किती येतंय. दुसरा दर्जा, म्हणजे किती स्वच्छ येतंय. ताकद भरपूर होती, दर्जा कसाबसा चाळीस. छत्रीचं तोंड आग्नेयेला, वर आभाळाकडं पाहिजे, आणि त्यात दोन बोटांचाही फरक चालत नाही. इथं लोखंडी पाइपच कलला होता. का कलला ते बघायला लांब जावं लागलं नाही. पाइपाला दावं, दाव्याला एडका.

"तात्या, याला इथं कुणी बांधलं?"

"आमीच. घट्ट खांब हाय तेवढा एकच."

"आणि हा दिवसभर शिंगं घासतो पाइपाला?"

"घासतो की. कावून?"

पुतण्या दर पंधरा दिवसांनी छत्री सरळ करायचा आणि एडका ती पुन्हा वाकडी करायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. कुणालाही दोन्ही गोष्टींचा संबंध जोडावासा वाटला नव्हता. मी एडक्याला बाभळीला बांधायला लावलं, पाइपाच्या बुडाशी दगड ठोकले, छत्री फिरवली. दर्जा सत्तरच्या वर गेला. भोजपुरी नाच आरशासारखा स्वच्छ दिसू लागला. मराठी चॅनल नाहीच.

आता खरं दुखणं कळलं. आकाशातून येणारं चित्र दाबून, गाठोडं बांधून पाठवतात. घरचा बॉक्स ते गाठोडं सोडतो आणि टीव्हीला देतो. मध्यंतरी काही चॅनलांची गाठोडं बांधायची पद्धत बदलली. जुन्या बॉक्सला नवी गाठ सुटत नाही. सिग्नल कितीही चांगला असू द्या, तो बॉक्स म्हणणार, असं चॅनलच नाही.

मी पाने-पक्कड पिशवीत भरायला लागलो. "तात्या, बॉक्स जुना झालाय. नवा मागवतो. पुढच्या गुरुवारी बघा कार्यक्रम."

तात्या उठून एडक्याकडं गेले आणि त्याच्या मानेवरून हात फिरवत उभे राहिले. कौसाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तात्या लांब गेल्याची खात्री केली.

"दादा, पुढच्या बेस्तरवारी ती नसती."

"कोण?"

"आमची उजी."

उजी म्हणजे उज्ज्वला, त्यांची एकुलती एक मुलगी. मेंढरांमागं हिंडत शिकलेली. तिला जनावरांची डॉक्टर करायचं तात्यांनीच ठरवलं आणि शिकायला शहरात पाठवलं. तिथं तिनं बरोबरच्या मुलाशी लग्न केलं. तात्यांनी घरात सांगून टाकलं, माझ्या दारात पाय ठेवायचा नाही, तिचं नाव काढायचं नाही. अकरा वर्षं झाली. कौसाबाईंनी लेकीचं तोंड बघितलं नव्हतं. गेल्या बाजारात मेंढरांचा एक व्यापारी सहज म्हणाला, तुमची डॉक्टरीण बेस्तरवारी टीव्हीवर मेंढ्यांचं सांगणार आहे म्हणं. तात्यांनी तिथं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घरी येऊन मात्र त्या रात्री जेवले नाहीत.

"मोबाइलवर दिसेल की हे," मी म्हणालो.

"घळीत रेंज न्हाई. आन तसला मोबाइल पुतण्याकडं. त्याला सांगायचं म्हंजी भावकीला सांगायचं."

"मुलगा कुठला होता?" मी विचारलं. "जावई."

कौसाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं-पुढं केलं. "तुमच्यातला, दादा."

आमच्यातला म्हणजे बौद्ध. मला राग आला. फार आला. ज्या कारणासाठी या माणसानं पोरीला अकरा वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्याच कारणाचा मी, सकाळपासून त्याच्या पत्र्यापाशी उन्हात उभा होतो. मलाच का बोलावलं तेही आता समजलं. मी त्यांच्या भावकीच्या बाहेरचा. माझ्याकडून बातमी फुटणार नव्हती. पिशवी उचलून निघून जावंसं वाटलं.

"आधी सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"सांगत्यात व्हय ते!" कौसाबाई म्हणाल्या. "मेंढीचं दुखणं सांगतील. सवताचं न्हाई." आणि त्यांनी माझ्यापुढं चहाचा कप ठेवला. त्यांच्या स्वतःच्या कपासारखाच कप होता. हे मी बघितलं. आमच्या पिढीच्या माणसाची नजर अजून तिकडं जाते.

चहा पिऊन मी बाहेर आलो. तात्या एडक्यापाशीच उभे होते.

"उद्या दुपारी येतो," मी म्हणालो.

"कळलं का तुमाला?"

"कळलं."

"तरी येता?"

"काम अर्धं राहिलंय," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.

गुरुवारी सकाळी धारूरात दोन दुकानं पालथी घातली. नव्या पद्धतीचा बॉक्स कुणाकडं नव्हता. वडवणीला एका ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. एकच आहे म्हणाला, पण तो काचेत ठेवायचा. मी तडक वडवणी गाठली.

"साहेब, ह्यो दाखवायचा पीस हाय," दुकानदार म्हणाला. "सोमवारी माल येतोय. येवढी घाई कावून?"

"संध्याकाळी कार्यक्रम आहे."

"कुनाचा?"

"मेंढ्यांचा," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, आणि निवृत्तीनंतर माणसं अशीच होतात असं समजून बॉक्स काढून दिला.

वस्तीवर पोचायला साडेपाच झाले. कौसाबाईंनी अंगण झाडून घेतलं होतं आणि नवं लुगडं नेसल्या होत्या. पाहुणे यायचे असले की बायका करतात तशी सगळी तयारी. तात्या पटका बांधून टीव्हीपुढं बसले होते, टीव्ही बंद असतानाच.

नव्या बॉक्सला वायर जोडली. उपग्रहाचे आकडे भरले आणि शोध सुरू केला. टक्के हळूहळू वाढायला लागले. चाळीस. पंचावन्न. शंभर झाले आणि यादी उतरू लागली. भोजपुरी, भक्तीची, बातम्यांची, पुन्हा भोजपुरी. मी बटण दाबत खाली खाली गेलो आणि एका जागी थांबलो. पडद्यावर मराठी बातम्या सुरू होत्या. तेच चॅनल. एकतीस वर्षं मी डोंगरावरून ज्याचं चित्र सोडलं, ते. माझे डोळे भरून आले. तात्यांनी ते बघितलं आणि मला अवघडू नये म्हणून दुसरीकडं बघत खोकले.

साडेसहाला कार्यक्रम लागला. सूत्रसंचालकानं नमस्कार केला, कार्यक्रम थेट चालू आहे, प्रश्न विचारायला फोन करा म्हणाला. मग कॅमेरा बाजूला वळला. चष्मा लावलेली, कानाजवळचे केस थोडे पिकलेली बाई बसली होती.

"वाळली गं माझी बाय," कौसाबाई म्हणाल्या.

तात्या पुढं सरकले. उज्ज्वला लसीकरणाचं सांगत होती. तिच्यासमोर खाली पट्टी आली, त्यावर तिचं नाव. तात्या चौथी शिकलेले. डोळे बारीक करून ते एकेक अक्षर लावत गेले.

"डॉ. उज्ज्वला..." आणि थांबले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "दे-व-क-ते."

"आपलंच लावती ती अजून?" कौसाबाईंनी विचारलं.

पट्टी गेली तरी तात्या तिच्या जागेकडं बघत होते. मग एकदम उठले.

"साहेब, ते खाली नंबर फिरतोय तो लिवा. तुमचा फोन द्या."

"इथं रेंज नाही, तात्या."

"वर खिंडीतल्या लिंबाखाली येती."

"तुमचा फोन घ्या की."

"माझ्या नंबरावरनं नगं."

मी माझ्या बटनांच्या फोनवर नंबर टाकून दिला, आणि हिरवं बटण दाबत राहा, लाइन लागेपर्यंत सोडू नका, असं सांगितलं. कौसाबाई म्हणाल्या, "आवो, बघा तरी तिला! आता कुटं निगाला?" खिंड चढायला दहा मिनिटं. फोन करायचा तर टीव्ही सुटणार, टीव्ही बघायचा तर फोन होणार नाही. अकरा वर्षांनी लेक समोर आली होती आणि हा माणूस दारात वहाणा शोधत होता.

"बघितली," तात्या म्हणाले आणि गेले.

पुढची वीस मिनिटं मी आणि कौसाबाई टीव्हीपुढं बसून होतो. फोन येत होते. कुणाची शेळी लंगडत होती, कुणाचं करडू दूध ओढत नव्हतं. उज्ज्वला भराभर उत्तरं देत होती. घड्याळात सात वाजायला चार-पाच मिनिटं राहिली. तात्यांचा फोन लागत नसणार असं मी धरून चाललो. तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणाला, "शेवटचा फोन घेऊ. बीड जिल्ह्यातून आहे. नमस्कार, कोण बोलतंय?"

आधी नुसता वारा ऐकू आला. मग आवाज.

"साळवे बोलतोय. धारूरकडनं."

मी ताठ बसलो. साळवे मी. आवाज तात्यांचा. कौसाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि माझ्याकडं बघून हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. जे आडनाव ऐकून या घराचं दार बंद व्हायचं, ते त्यांनी राज्यभर सांगून टाकलं होतं. लपायला घेतलं की आणखी कशाला, ते मी आजवर विचारलेलं नाही.

"विचारा, साळवे काका."

"मेंढी सकाळधरनं खाईना. डावी कूस फुगलीय. काय करावं?"

"आपली कंचीच मेंढी फुगली न्हाई की!" कौसाबाई म्हणाल्या.

कॅमेरा उज्ज्वलावर होता. तिनं चष्मा काढला, पुन्हा लावला. सूत्रसंचालक म्हणाला, "डॉक्टर?"

"हो," ती म्हणाली. "काका, कुशीवर टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज येतो का?"

"येतो."

"मग गोडंतेल पाजा. एकदम नाही, थोडं थोडं. मान फार वर धरायची नाही, नाहीतर तेल छातीत उतरतं. पुढचे पाय चढाकडं करून उभी करा. कूस चोळत राहा. तासाभरात उतरलं नाही तर डॉक्टरला बोलवा." मग ती थांबली. "काका, तुम्ही..."

"बरं," तात्या म्हणाले, आणि फोन तुटला. सूत्रसंचालकानं सगळ्यांचे आभार मानले. कार्यक्रम संपला.

तात्या खाली आले तेव्हा अंधारून आलं होतं. दम लागला होता. दारातच विचारलं, "काय म्हणली?"

"तुमीच तर बोलला तिच्यासंगं!" कौसाबाई म्हणाल्या.

"वारा लई होता. निम्मंच ऐकू आलं. सांग परत."

आणि जन्मभर मेंढरं राखलेल्या त्या माणसाला कौसाबाईंनी फुगलेल्या मेंढीला तेल कसं पाजायचं ते पहिल्यापासून सांगितलं. तात्या खाली बसून ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, "मान वर धरायची न्हाई म्हणली?" कौसाबाई म्हणाल्या, "न्हाई म्हणली." "बराबर हाय," तात्या म्हणाले.

शनिवारी माझा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"साळवे काका बोलताय का?" बाईचा आवाज.

"हो."

"परवा कार्यक्रमात तुमच्या नंबरवरून फोन आला होता. आवाज तुमचा नव्हता."

आता खोटं कशाला बोलायचं? मी बॉक्स, छत्री, एडका, सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "पोट फुगल्यावर तेल कसं पाजायचं ते मला त्यांनीच शिकवलंय. सात वर्षांची होते मी. परवा मी त्यांचेच शब्द त्यांना सांगितले." आणि इतका वेळ शहरातल्यासारखं बोलणारी ती एकदम म्हणाली, "काका, बरे हायेत का ते दोघं?"

"बरे आहेत. गुडघे दुखतात तात्यांचे. नंबर आहे ना तुझ्याकडं त्यांचा?"

"आहे. अकरा वर्षं आहे. त्यांनी तुमच्या फोनवरून केला, तुमच्या नावानं केला. मी सरळ लावला आणि त्यांनी उचलला नाही तर? मी फोन केला असं सांगू नका. ऑफिसातून विचारलं म्हणा, मेंढी कशी आहे."

रविवारी मी पुन्हा वस्तीवर गेलो. छत्रीचे दगड बघायला आलो, असं सांगून. तात्या मेंढ्यांना पाला टाकत होते.

"टीव्हीच्या ऑफिसातून फोन आला होता," मी म्हणालो. "मेंढी कशी आहे विचारत होते."

तात्यांचा हात थांबला. बराच वेळ ते चारही मेंढ्यांकडं आळीपाळीनं बघत राहिले.

"ऑफिसाला सांगा," ते म्हणाले, "बरी हाय. खायला लागली."

"सांगतो."

मी गाडीपाशी आलो. ते मागोमाग आले. गाडीच्या हँडलला हात लावून उभे राहिले.

"त्या ऑफिसाला दिवाळीची सुट्टी असती का?"

"असेल. विचारू का?"

"विचारा. लांबचं ऑफिस हाय म्हणावं, गाडीत झोप लागत न्हाई, दिवसाच्या गाडीनं निघावं." ते दोन पावलं गेले आणि वळले. "आन एकट्यानं न्हाई यायचं म्हणावं. ऑफिसात आसत्याल तेवढ्या समद्यांनी यावं."

खिंडीतल्या लिंबाखाली मी गाडी थांबवली आणि उज्ज्वलाला फोन लावला. तात्या जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. पलीकडून काहीच आलं नाही. मी हॅलो म्हणालो. काही नाही. मोबाइल कानावरून काढून बघितला. रेंज पूर्ण होती, फोन चालू होता. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी तो तसाच कानाला लावून उभा राहिलो.

एकतीस वर्षं नोकरीत आवाज बंद पडला की मी आधी मशीन तपासायचो. आता आधी थोडा वेळ थांबतो.